झाईच्या पोर्टचं नाव

तलासरीहून डहाणूला रोज ये-जा करत मी एका लहानशा इंटरनेट कंपनीत कामाला लागले, तेव्हा तिथे माणसं मोजकीच होती. मालक म्हणजे शेठ. त्यांची घोलवडकडे चिकूची वाडी होती आणि इंटरनेटचा धंदा त्यांनी मुलाच्या हट्टापायी सुरू केला होता. मुलगा पुढे परदेशी गेला, धंदा शेठच्या गळ्यात राहिला. फोन घेणारी, बिलं करणारी दोन माणसं होती. आणि यंत्रांचं सगळं बघणारे दादा.

त्याआधी मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत होते. आईचं दुखणं वाढलं म्हणून परत आले. आपण जे शिकलो त्याचं काही काम घराजवळ मिळेल असं वाटलं नव्हतं, म्हणून शेठनी होकार दिला तेव्हा पगाराचं फार विचारलंही नाही. यंत्रं बघणाऱ्यांना मी दादा म्हणायचे, ते मला बाय म्हणायचे. किनाऱ्याकडे लेकीबहिणींना बाय म्हणतात.

दादा झाईचे. मासेमारीचं घर. वडील, भाऊ, चुलते सगळे बोटीवर. दादांना मात्र लहानपणापासून बोट लागायची. बंदराच्या बाहेर गेलं की ओकाऱ्या सुरू. गावात त्यावरून खूप चेष्टा झाली, म्हणून ते रेडिओ दुरुस्तीकडे वळले, मग डिप्लोमा, मग केबल टीव्ही, मग हे. पन्नाशीला आलेले होते. शर्ट नेहमी इस्त्रीचा. वायरींच्या गुंत्यात हात घालतानासुद्धा बाह्या दुमडायचे नाहीत.

माझ्या पहिल्याच आठवड्यात चारोटीच्या एका हॉटेलवाल्याची तक्रार आली, नेट चालत नाही. दादांनी ट्रेस मारला आणि मी पडद्याकडे बघतच राहिले.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इंटरनेटवरची माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते तेव्हा वाटेत राउटर लागतात. प्रत्येक राउटरला अनेक पोर्ट असतात, म्हणजे तारा लावायची तोंडं, आणि प्रत्येक पोर्टला आकड्यांचा एक पत्ता असतो. ते आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नावांच्या वहीत, त्या पत्त्यापुढे एक नाव लिहून ठेवता येतं. लिहिलं नाही तरी नेट चालतं, ग्राहकाला कधी कळतही नाही. पण बिघाड झाला की आम्ही ट्रेस मारतो, म्हणजे माहिती कुठून कुठे जातेय ते बघतो, तेव्हा वाटेतल्या पोर्टांची नावं एकाखाली एक पडद्यावर येतात. जिथे नावं थांबली, त्याच्या पुढे काहीतरी तुटलंय असं समजायचं. म्हणून नावावरून गाव कळायला हवं, राउटर कळायला हवा, तार कुठल्या तोंडात आहे तेही कळायला हवं.

दादांच्या पडद्यावर पहिलं नाव होतं ‘मोठा’. दुसरं ‘वडापाव’. मग नुसते आकडे.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“मोठा म्हणजे आपलं हेच ऑफिस. वडापाव म्हणजे चारोटी. दुकानाच्या माळ्यावर ठेवलाय ना तो, खाली वडापाव मिळतो.”

“आणि तलासरी?”

“नवीन.”

तलासरीचा राउटर तोपर्यंत चांगलाच जुना झाला होता. कासाचा होता ‘डॉक्टर’, कारण तो एका दवाखान्याशेजारी होता. आणि झाईच्या राउटरचं नाव ‘आई’.

“आमच्या घराला लागून एक खोली आहे,” दादा म्हणाले. “तिथं आई राहायची. ती गेली, खोली रिकामी होती. शेठ जागा शोधत होते, मी म्हटलं इथंच बसवा.”

मी हसले नाही, पण हे असं चालणार नाही असं मनात पक्कं केलं. पुण्यात नावं देण्याचे नियम पानंच्या पानं असायचे. इथे मात्र दादा एक दिवस आजारी पडले असते तर वडापाव म्हणजे कुठलं गाव हे कुणालाच सांगता आलं नसतं. तरी मी लगेच बोलले नाही. नवी होते, आणि ते मोठे होते.

मग एकदा आम्ही दोघं शेअर रिक्षाने बोर्डीकडे चाललो होतो. दादांना ऑफिसमधून फोन आला. ते सगळ्या रिक्षाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आई सकाळपासून डाउन आहे, माहीत आहे मला. नाही, तिला हात लावू नका. मी पोचलो की बंद करून परत चालू करतो.”

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी मांडीवरची टोपली बाजूला केली आणि दादांच्या हातावर हात ठेवला. “डॉक्टरला दाखवलं का रे?”

दादांनी मान डोलावली. “दाखवतो, मावशी,” एवढंच म्हणाले. बोर्डीला उतरल्यावर ते रस्त्याच्या कडेला उभं राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग रुमालाने चेहरा पुसून म्हणाले, “तुझ्या मनात काय आहे ते सांग. कधीची गप्प आहेस.”

असं आमचं नावांचं काम सुरू झालं. दुपारी जेवणानंतर फोन कमी असायचे, तेव्हा आम्ही चहा घेऊन बसायचो. माझं म्हणणं, प्रत्येक गावाला तीन अक्षरं द्यायची, जगभर असंच करतात. दादांना ते मान्य नव्हतं.

“तलासरीची तीन अक्षरं केली तर उरलं काय? उद्या दुसरा कुणी माणूस आला तर त्याला वाचता आलं पाहिजे. गावाचं नाव पुरतं लिही. जागा काय आपल्या खिशातली जाते?”

ते मी मान्य केलं. मग वाद आला पोर्टचा. पोर्टला तो ज्या गावात बसलाय त्याचं नाव द्यायचं की त्यातली तार ज्या गावाला जाते त्याचं? मी म्हणत होते बसलाय त्याचं. दादा म्हणत होते तार जाते त्याचं, कारण बिघाड झाला की तारेमागूनच जायचं असतं. दोन दिवस यावर बोलणं चाललं आणि शेवटी दोन्ही गावं घ्यायची ठरली. आधी पोर्टचा क्रमांक, मग राउटर, मग तो जिथे आहे ते गाव, मग तार जिथे जाते ते गाव. नावं लांबलचक झाली, पण कुणालाही वाचता येतील अशी झाली.

सगळ्यात जास्त वेळ गेला झाईवर. डीएनएसमध्ये आम्ही इंग्रजी अक्षरंच वापरायचो. झाई इंग्रजीत लिहायचं कसं? एका पाटीवर झेड होतं, दुसरीवर जे आणि एच. जे घेतलं तर परका माणूस जाई वाचणार. दादांनी भावाला फोन लावला, बोटीच्या कागदांवर काय आहे ते विचारलं. तिथे तिसरंच काहीतरी निघालं. मग त्यांनी स्वतःच ठरवलं, झेड. स्वतःच्या हातानं ‘आई’ काढून ‘झाई’ टाकलं. मी त्यांच्याकडे बघत होते.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “दारावर आईचं नाव चालतं. गावाच्या वेशीवर गावाचंच पाहिजे.”

त्या नावांचा उपयोग पुढे किती तरी वेळा झाला. एक दुपार चांगली आठवते. कासाकडची सगळी कनेक्शनं एकदम गेली. ट्रेसमध्ये चारोटीचा तो पोर्ट दिसत होता, ज्याच्या नावात पुढचं गाव कासा होतं, आणि त्यानंतर काहीच नव्हतं. म्हणजे बिघाड त्या दोन गावांच्या मधे. आम्ही शेठची जीप घेतली. चारोटीच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक जेसीबी उभा होता आणि ड्रायव्हर सावलीत डबा खात होता. खणलेल्या चरात आमची फायबर दोन तुकड्यांत पडलेली.

“ही तार तुमची?” ड्रायव्हरने विचारलं. “मला वाटलं जुनी, मेलेली असेल. हलवली तरी काही झालं नाही.”

“तुझ्याकडे काही झालं नाही,” दादा म्हणाले, “कासाला झालं.”

तो बिचारा डबा ठेवून उठला आणि आमच्यासाठी चर रुंद करून दिला. दादांनी तिथेच गाडीच्या मागच्या फळीवर जोडणीचं यंत्र मांडलं. मी छत्री धरून उभी होते. जोडणी झाली, मी फोनवरून ट्रेस मारला, आणि चारोटीच्या खाली कासा उमटलं. दादांनी माझ्या हातातून फोन घेतला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला. परत येताना चारोटीला थांबून आम्ही भजी खाल्ली, आणि त्या ड्रायव्हरलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं.

असं काम मला परत कधी मिळालं नाही. तेव्हा ते मला कळत नव्हतं, इतकंच. मला वाटायचं हा एक लहानसा टप्पा आहे, इथून आपण पुढे जाऊ.

झाई गुजरातच्या हद्दीला लागून आहे. पलीकडे उंबरगाव. आमची मुख्य लाइन बंद पडली तर पर्याय असावा म्हणून शेठनी पलीकडच्या एका लहान कंपनीशी बोलणं केलं आणि दादांच्या घराजवळच्या त्या खोलीतून एक तार सरळ हद्दीपलीकडे गेली. दादा खूश होते. बिघाड झाला की आता दुसरी वाट होती.

पण एक घोळ झाला. दोन कंपन्यांच्या मधे तार असते तेव्हा दोन्ही टोकांचे पत्ते एकाच कंपनीच्या साठ्यातून घेतात. आणि ज्याचे पत्ते, डीएनएसमध्ये नाव त्यानेच लिहायचं. पत्ते पलीकडच्या कंपनीचे होते. त्यांनी आपल्या पद्धतीने दोन्ही टोकांना आपल्या गावाचं नाव देऊन टाकलं. त्यामुळे ट्रेस मारला की दादांच्या घराशेजारच्या खोलीतला, आमचा पोर्ट, उंबरगावचा म्हणून दिसायला लागला.

ग्राहकांना यानं काही फरक पडत नव्हता. दादांना पडत होता.

“माझं घर गुजरातेत नेऊन ठेवलं यांनी,” ते म्हणाले. हसत म्हणाले, पण दिवसातून दोनदा म्हणाले.

आणि ते नुसतं मनाला लावून घेणं नव्हतं. महिन्याभरात, झाई-बोर्डीचं नेट त्या लाइनवरून चालू असताना, तिथे बिघाड झाला, तेव्हा आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या वरच्या कंपनीच्या लोकांनी ट्रेस बघून आम्हाला सांगितलं, हा राउटर तुमचा नाही, उंबरगाववाल्यांचा आहे, त्यांना विचारा. उंबरगाववाले म्हणाले आमच्याकडे सगळं ठीक आहे. मधल्या मधे झाई आणि बोर्डीची माणसं अर्धा दिवस तशीच बसली. शेवटी दादांनी जाऊन पोर्टमधली तार काढून परत लावली. बिघाड एवढाच होता.

पलीकडच्या कंपनीत हे काम एक बेन बघायच्या. दादा त्यांना फोन करायचे, गुजरातीत. “बेन, मारुं घर महाराष्ट्रमां छे,” अशी सुरुवात व्हायची. बेन गोड बोलायच्या, उद्या करते म्हणायच्या, आणि व्हायचं काहीच नाही. दादांनी मेल पाठवले, मला लिहायला लावले. पावसाळा गेला.

मग एका सकाळी ते ऑफिसला उशिरा आले आणि म्हणाले, “झालं. ट्रेस मार.”

मी मारला. पडद्यावर आमच्या पद्धतीचं नाव होतं, पोर्ट, राउटर, झाई, उंबरगाव, आणि शेवटी पलीकडच्या कंपनीचं नाव. मी विचारलं, कसं काय?

“काल शेठच्या वाडीतनं चिकूची पेटी घेतली आणि गेलो त्यांच्या ऑफिसात. वहिनी तुझी म्हणत होती सुके बोंबील घेऊन जा. मी म्हटलं, अगं, त्या बेन खात नसल्या तर होतं नव्हतं ते काम जायचं.” ते खुर्चीत बसले. “बेन चांगल्या आहेत गं. त्यांना वाटलं होतं झाई म्हणजे कुठली तरी वाडी, उंबरगावातलीच. मी त्यांना खिडकीतून हात करून दाखवलं, त्या झाडांच्या पलीकडे, तिथं माझं घर. मग त्यांनी माझ्यासमोरच लिहिलं.”

त्या दिवशी ते जितके समाधानी दिसले तितके ते मला नंतर कधी दिसले नाहीत.

पुढे शेठचं वय झालं. मुलगा परत येणार नाही हे नक्की झालं आणि त्यांनी कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली. शेठनी आम्हाला ऑफिसात बसवून स्वतः सांगितलं, कुणाचीही नोकरी जाणार नाही असं मी लिहून घेतलंय. ते खरंच होतं. नवीन माणसं वाईट नव्हती. सगळं काम दूरच्या एका शहरातून बघत, आमच्याशी पडद्यावरून बोलत. पगार वेळेवर, रजा जास्त, विमा मिळाला. आईच्या औषधपाण्याला त्या विम्याचा मला फार आधार झाला.

नावांचा विषय पहिल्याच महिन्यात निघाला. त्यांच्या हजारो राउटरांची नावं एक यंत्रणाच तयार करायची. आधी तालुक्याचा कोड, मग आकडे. झाई तलासरी तालुक्यात येतं, म्हणून झाईच्या राउटरलाही तलासरीचाच कोड.

दादांनी बैठकीत हात वर केला. पडद्यावर पलीकडे आमच्याहून तरुण असा एक साहेब होता.

“साहेब, तलासरी हायवेवर आहे आणि झाई समुद्रावर. दोघांना एकच नाव दिलं तर माणूस जाणार कुठे?”

“सर, मागे आकडा आहे ना. तो सिस्टीममध्ये टाकला की ठिकाण दिसतं.”

“आणि बिघाड झाला म्हणून सिस्टीमच उघडत नसली तर?”

“तर आम्ही इथून बघतो, सर. तुम्हाला फोन येईल.” तो अगदी आदराने बोलत होता. “आधीची नावं मी बघितली. छान होती. पण दोन माणसांनी बसून ठरवलेली नावं इतक्या मोठ्या नेटवर्कमध्ये नाही टिकत.”

त्यालाही खोटं म्हणता येत नव्हतं. मी पुण्यात असते तर मीही हेच म्हटलं असतं. दादांनी मान हलवली आणि नंतर बैठक संपेपर्यंत टेबलावरच्या काचेखालचा कॅलेंडरचा कागद बघत राहिले.

त्यानंतर काही महिन्यांनी कळलं की झाईचा राउटरच नको आहे. हायवेवरून नवी जाड लाइन येणार होती, हद्दीपलीकडच्या तारेची गरज उरली नव्हती. दोन माणसं टेम्पो घेऊन आली आणि त्या खोलीतलं सगळं सामान काढून घेऊन गेली. मी तेव्हा दादांबरोबर झाईला होते. वहिनी अंगणात बोंबील टांगत होत्या. टेम्पो गेल्यावर त्या दारातून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, “पंखा पण काढून नेला का?”

“तो त्यांचाच होता,” दादा म्हणाले.

झाईच्या नोंदी डीएनएसमधून काढायचं काम माझ्याकडे आलं. ते दादांना करायला लागू नये म्हणून मी मागूनच घेतलं होतं. उंबरगावच्या बेननाही फोन केला, त्यांच्याकडचं नाव आता काढून टाका म्हणून. त्या करते म्हणाल्या. मग विचारलं, “भाई मजामां?” मी हो म्हटलं.

नव्या कंपनीनं दादांना सुरतेच्या ऑफिसात जागा देऊ केली. त्यांना गुजराती येत होतं, अनुभव होता, पद वरचं होतं. ते पत्र आलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. मी त्यांना म्हटलं, “दादा, जा. सुरत काय लांब आहे? रविवारी गाडीनं दुपारच्या जेवणाला घरी याल. ताईचं कॉलेजही तिथे होईल.” ताई म्हणजे त्यांची मुलगी. तेव्हा ती बारावीला होती, नर्सिंगला जायचं म्हणत होती.

“ज्यांच्याकडे झाई लिहायला जागा नाही, त्यांच्याकडे मी जाऊन काय करू?”

“तसं नका बघू. ती नुसती नावं आहेत, आपणच ठरवलेली.”

“तू असं म्हणतेस?”

त्यांना वाईट वाटलं ते मला दिसलं, तरी मी बोलत राहिले. दोन-तीन वेळा बोलले. वहिनींनीही समजावलं, भावानं समजावलं. शेठनी वाडीवर बोलावून घेतलं. दादा सगळ्यांचं शांतपणे ऐकायचे आणि शर्टाच्या बाह्या ओढून सरळ करायचे. महिन्याअखेर त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबल पुसलं, स्वतःचा कप धुऊन पिशवीत टाकला, आणि मला म्हणाले, “जीपची चावी खिळ्याला आहे.”

मी राहिले. आई होती, विमा होता. ऑफिस पुढे तलासरीला हललं, माझा प्रवास वाचला. आईचं दुखणं मात्र औषधांनी लांबलं तेवढंच. ती गेली तेव्हा दादा आणि वहिनी येऊन गेले, गर्दीत बोलणं झालं नाही. नंतर मी फोन करायची म्हणायचे आणि राहून जायचं. काय बोलायचं हा प्रश्न असायचा. कामाबद्दल बोललं तर त्यांना टोचेल, न बोललं तर आम्हाला दुसरा विषयच कुठे होता?

गेल्या थंडीत एका रविवारी मी न कळवताच झाईला गेले. अंगणात मांडवावर बोंबील वाळत होते. वहिनींनी ओळखलं, पाणी दिलं. त्या खोलीत आता जाळी आणि बर्फाच्या पेट्या होत्या. दादा घरात नव्हते.

“उंबरगावला गेलेत. आज रविवारचीही पाळी आहे,” वहिनी म्हणाल्या.

तिथल्या एका कारखान्यात ते यंत्रं सांभाळतात. पेनांची टोपणं बनतात तिथे. मुलगीही तिथेच, पॅकिंगला. ती घरी होती. मोठी झाली होती, वडिलांसारखेच कपडे नीट. माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या कामाचं विचारायला लागली. अजून शिकता येईल का, कुठे जावं लागेल, मुलींना घेतात का. मी सांगत होते. नर्सिंगचं काय झालं हे मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

“इथून जाऊन-येऊन होण्यासारखं नव्हतं. सुरतेला राहिलो असतो तर जमलं असतं.” कसलीही तक्रार नव्हती आवाजात. बस चुकल्याचं सांगावं तसं सांगितलं.

दादा दुपारी आले. मला बघून दारातच थांबले. “बाय?” मग सायकल भिंतीला टेकवली, हातपाय धुतले, आणि समोर येऊन बसले. केस पूर्ण पांढरे झाले होते. शर्ट इस्त्रीचाच होता. जेवताना आम्ही माशांचं बोललो, शेठच्या तब्येतीचं बोललो, हायवेचं बोललो.

जेवण झाल्यावर वहिनी आणि मुलगी आत गेल्या, तेव्हा ते म्हणाले, “तू जा म्हणाली होतीस.”

“हो.”

“सगळेच म्हणाले होते. मला वाटलं, मी माझा मान राखतोय. गावाचा राखतोय. पण बाय, ते कुणाला कळलंसुद्धा नाही. त्या साहेबाला नाही. गावाला तर नाहीच. गावात सगळे म्हणतात, याला सुरतेला बोट लागली असती.” ते थोडं हसले.

“मला कळलं होतं,” मी म्हटलं.

“तुला कळून काय उपयोग?” हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की त्यात राग नव्हता. “पोरीचं वर्ष तेव्हा होतं. ते मी बघायला पाहिजे होतं. मी पडद्यावरचं नाव बघत बसलो.”

त्यांची समजूत घालणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं. आम्ही ती नावं दिली ते चांगलंच काम होतं, आजही मला तसंच वाटतं. पण दोन माणसांनी चहा पिता पिता केलेली ती गोष्ट त्यांच्या घराएवढी मोठी होऊन बसली, आणि मी जवळ असूनही ती लहान करता आली नाही.

मी म्हटलं, तलासरीला आमच्या कामाचे ठेके घेणारा एक माणूस आहे, त्याला अनुभवी हात हवाय, बोलू का? त्यांनी नकार दिला. आता ती यंत्रं बदलली असतील, म्हणाले, आणि चष्म्याचा नंबरही वाढलाय. ताईसाठी मी माहिती काढते असं म्हटलं, तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. “काढ,” म्हणाले. “माझ्याजवळ बोलू नको, तिच्याजवळच बोल.”

वहिनींनी वर्तमानपत्रात सुका जवळा बांधून दिला. दादा थांब्यापर्यंत आले. बसला वेळ होता. तिथे वाट बघणाऱ्या दोघा-तिघांशी ते बोलत राहिले, मी कोण हे सांगताना “आमच्या ऑफिसातली” एवढंच म्हणाले. बस आली, मला खिडकी मिळाली. ते हात वर करून उभे होते, आणि बस वळेपर्यंत हात तसाच होता.

बोर्डी येईपर्यंत मी त्यांच्या मुलीचाच विचार करत होते. वडिलांनी नोकरी सोडली हे तिला माहीत होतं. कशापायी सोडली हे तिला कधी कुणी सांगितलं होतं का, ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.